फेडरलनंतरची दोन राज्ये: आमच्या घराच्या २०२४ च्या करविवरणाच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. माझी नोकरी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये आणि नवऱ्याची न्यू जर्सीतल्याच न्यू ब्रन्सविकला आहे, त्यामुळे आमच्या एका घरातून तीन विवरणपत्रे जातात: फेडरलचे म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचे, न्यूयॉर्कचे अनिवासी म्हणून आणि न्यू जर्सीचे निवासी म्हणून. आजवर हे काम आम्ही एका कर सल्लागाराकडे सोपवत होतो. यंदा ते घरीच करायचे ठरवले आहे, आणि प्रत्येक बैठकीनंतर नोंद ठेवायची असेही ठरवले आहे. माझा भाचा जानेवारीत जर्सी सिटीत राहायला आला आणि मॅनहॅटनमध्ये नोकरीला लागला. पुढच्या वर्षी नेमका हाच पेच त्याच्यापुढे येणार आहे. परवा त्याने फोनवर विचारले, "मावशी, फेडरल भरलं की स्टेट आपोआप जातं ना?" जात नाही. राज्याचा कर हा वेगळ्या कायद्याचा, वेगळ्या खात्याचा आणि पुष्कळदा वेगळ्या उत्पन्नावरचा कर आहे, हे त्याला नीट समजावे म्हणून या नोंदी आकड्यांसकट लिहीत आहे. सर्व आकडे पूर्ण डॉलरमध्ये आहेत.

आज फक्त कागद गोळा केले. माझ्या डब्ल्यू-२ च्या (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारी मालकाची चिठ्ठी) पहिल्या चौकटीत १,१०,००० आणि नवऱ्याच्या ६०,००० आहेत. व्याज चार ठिकाणचे आहे: इथल्या बँकेचे ४००, ट्रेझरी बिलांचे (अमेरिकी केंद्र सरकारच्या रोख्यांचे) ६००, पुण्यातल्या एनआरई ठेवीचे १,८०० आणि एनआरओ खात्याचे ८००. एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची भारतातली खाती. एनआरई ठेवीच्या व्याजावर भारतात कर नाही, म्हणून ते इथेही दाखवायचे नसते असा समज आपल्या लोकांत फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. इथल्या रहिवाशाला जगभरातले उत्पन्न दाखवावे लागते.

८ मार्च, शनिवार

फेडरल विवरणपत्र आज पाठवले. त्यासाठी आयआरएसची, म्हणजे फेडरल करखात्याची, ‘फ्री फाइल फिलेबल फॉर्म्स’ ही सोय वापरली. मार्गदर्शन करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरसाठी यंदा, २०२५ मध्ये, ८४,००० डॉलर उत्पन्नाची मर्यादा होती. या सोयीला मर्यादा नाही. मात्र ही म्हणजे पडद्यावर उमटलेला कागदी फॉर्मच आहे. बेरीज-वजाबाकी ती करते, पण काय कुठे भरायचे हे सांगत नाही, आणि मुख्य म्हणजे ती फक्त फेडरलपुरती आहे. तिच्यातून कोणत्याही राज्याचे विवरणपत्र जात नाही.

१०४० या फेडरल फॉर्मच्या ११ व्या ओळीवरचा आकडा, म्हणजे समायोजित ढोबळ उत्पन्न, १,७३,६०० आला. तो वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे, कारण पुढचे सर्व काम त्याच्याशी ताडून पाहायचे आहे. एनआरओ व्याजावर भारतात कापलेल्या कराचे क्रेडिट, म्हणजे इथल्या करातून तेवढी सूट, फॉर्म १११६ वरून घेतले.

९ मार्च, रविवार

फेडरल विवरणपत्र स्वीकारल्याचा ईमेल आला. त्याची छापील प्रत फाइलीत लावली.

१५ मार्च, शनिवार

आजचा दिवस वाया गेला, पण जे घडले ते नोंदवण्यासारखे आहे. राज्यांसाठी एका व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये खाते उघडले. राज्याच्या भागात जाण्यासाठी त्याने आधी फेडरलची सगळी माहिती भरून घेतली, जे समजण्यासारखे आहे. शेवटी ‘पाठवा’ म्हटल्यावर मात्र त्याने राज्यांच्या विवरणपत्रांबरोबर फेडरलही पुन्हा पाठवले. तासाभरात ते आर००००-९०२-०१ या क्रमांकाखाली नाकारले गेले. या क्रमांकाचा अर्थ असा की याच सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे, याच वर्षाचे विवरणपत्र आधीच स्वीकारले गेले आहे. त्यासरशी राज्यांची दोन्ही विवरणपत्रेही अडकून पडली.

नुकसान काही झाले नाही, कारण नाकारलेले विवरणपत्र दाखलच झालेले नसते. कारण मात्र समजून घेतले. राज्याचे विवरणपत्र इलेक्ट्रॉनिक मार्गाने दोन प्रकारे जाऊ शकते. एका प्रकारात ते फेडरलला जोडलेले असते, आणि फेडरल स्वीकारले गेले तरच राज्याचे पुढे सरकते. दुसऱ्या प्रकारात ते स्वतंत्र असते आणि फेडरलची वाट पाहत नाही. बहुतेक राज्ये स्वतंत्र विवरणपत्र घेतात. पण प्रत्येक सॉफ्टवेअर ते पाठवू देतेच असे नाही. ज्याने फेडरल एका ठिकाणाहून भरले आहे त्याने राज्यासाठी पैसे मोजण्यापूर्वी एवढा एकच प्रश्न विचारावा: तुम्ही फक्त राज्याचे विवरणपत्र पाठवता का?

१६ मार्च, रविवार

असे पाठवू देणारे दुसरे सॉफ्टवेअर सापडले. त्यातही फेडरलचे आकडे पुन्हा भरावे लागले, परंतु ‘फेडरल आधीच दाखल केले आहे’ अशी खूण करण्याची सोय आहे. सर्व भरून झाल्यावर ११ वी ओळ पाहिली तर १,७२,८०० दाखवत होती. ८०० चा फरक म्हणजे एनआरओचे व्याज राहिले होते. ते भरले आणि १,७३,६०० जुळले. पहिल्या पानावर आकडा लिहून ठेवल्याचा असा उपयोग झाला.

२२ मार्च, शनिवार

आज न्यूयॉर्क. आम्ही राहतो ते राज्य आधी घेण्याचा मोह होतो, पण क्रम उलटा आहे. न्यू जर्सी आम्हाला न्यूयॉर्कला भरलेल्या कराचे क्रेडिट देणार, म्हणजे न्यूयॉर्कचा कर ठरल्याशिवाय न्यू जर्सीचे विवरणपत्र पूर्णच होऊ शकत नाही.

अनिवासींचा फॉर्म आयटी-२०३ आहे. फेडरल एकत्र भरले म्हणून हाही एकत्रच भरला, जरी नवऱ्याचा न्यूयॉर्कशी काडीचा संबंध नाही. फॉर्मवर दोन रकाने असतात: एकात फेडरलवरचे सगळे उत्पन्न आणि दुसऱ्यात त्यापैकी न्यूयॉर्कमध्ये मिळवलेले. पहिल्या रकान्यात दोघांचे पगार आणि सर्व व्याज मिळून १,७३,६०० आले, त्यातून ट्रेझरीचे ६०० वजा झाले, कारण फेडरल सरकारच्या रोख्यांच्या व्याजावर राज्यांना कर लावता येत नाही. दुसऱ्या रकान्यात फक्त माझा पगार आला, १,१०,०००.

इथे पहिल्यांदा भरणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. न्यूयॉर्क आधी आमच्या सगळ्या उत्पन्नावर, आम्ही जणू तिथलेच रहिवासी आहोत असे धरून, कर काढते. १,७३,००० मधून १६,०५० ची प्रमाणित वजावट आणि मुलीची १,००० ची सूट गेल्यावर १,५५,९५० उरले. दरपत्रक पाहून मी हाताने कर काढला तो ८,२४५ आला, आणि सॉफ्टवेअर ८,५७७ म्हणत होते. अर्धा तास चूक शोधण्यात गेला. चूक माझीच होती. उत्पन्न १,०७,६५० च्या वर गेले की न्यूयॉर्क खालच्या टप्प्यांतल्या कमी दरांचा लाभ हळूहळू काढून घेते, आणि आमच्या उत्पन्नावर तो पूर्णपणे गेलेला असतो, म्हणून संपूर्ण १,५५,९५० वर सरसकट साडेपाच टक्के लागतात. त्याचे वेगळे गणनापत्रक सूचनापुस्तिकेत आहे. नुसते दरपत्रक पाहून भागत नाही.

त्यानंतर वाटा काढायचा: १,१०,००० भागिले १,७३,०००, म्हणजे ०.६३५८. ८,५७७ ला त्याने गुणले की ५,४५३. हा आमचा न्यूयॉर्कचा खरा कर. पगारातून ६,२४० कापले गेले होते, म्हणजे ७८७ परत मिळतील. नवऱ्याच्या पगारावर किंवा पुण्याच्या ठेवीवर न्यूयॉर्कने कर लावला असे नव्हे. ते उत्पन्न भागाकाराच्या छेदात आहे, अंशात नाही. भाच्याला हे कागदावर काढूनच दाखवावे लागेल.

न्यूयॉर्क शहराचा कर लागला नाही. बाहेरून कामाला येणाऱ्यांवरचा शहराचा कर १९९९ मध्ये रद्द झाला. योंकर्स शहरात काम करणाऱ्यांना मात्र असा कर अजून आहे.

२३ मार्च, रविवार

घरून केलेल्या कामाचा प्रश्न आज वेगळा घेतला. मी सोमवारी आणि शुक्रवारी एडिसनहूनच काम करते, आणि नोव्हेंबरात आईकडे पुण्याला असताना आठ दिवस तिथून केले. मेट्रोपार्कहून पेन स्टेशनची गाडी मी आठवड्यातून तीनच दिवस पकडते, मग न्यूयॉर्कने तीन दिवसांचाच पगार धरावा असे कोणालाही वाटेल. न्यूयॉर्कचा नियम तसा नाही. नोकरी न्यूयॉर्कमधल्या कार्यालयाची असेल आणि बाहेरून काम करणे ही मालकाची गरज नसून नोकरदाराची सोय असेल, तर ते दिवसही न्यूयॉर्कमधलेच धरले जातात. एडवर्ड झेलिन्स्की हे कायद्याचे प्राध्यापक कनेटिकटमध्ये राहून न्यूयॉर्कमधल्या महाविद्यालयात शिकवत आणि काही दिवस घरून काम करत. त्यांनी या नियमाला आव्हान दिले होते, पण २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. न्यू जर्सीनेही २०२३ मध्ये, असा नियम असलेल्या राज्यांतल्या रहिवाशांपुरता, आपला तसाच नियम केला.

माझे मत असे की जिथे माणूस खुर्चीत बसून काम करतो तिथे ते काम झाले असे धरणे न्याय्य आहे, आणि हा नियम न्याय्य नाही. परंतु मत वेगळे आणि विवरणपत्र वेगळे. माझ्या मालकाने मला घरून काम करायला भाग पाडलेले नाही, म्हणून सगळे १,१०,००० न्यूयॉर्कच्या रकान्यात ठेवले.

पेनसिल्व्हेनियाशी न्यू जर्सीचा परस्पर करार आहे आणि तिथल्या पगारावर फक्त राहत्या राज्याचा कर लागतो. न्यूयॉर्कशी असा करार नाही. सगळा खटाटोप तेवढ्यासाठी.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

आज कामाला सुट्टी. गुढी उतरवल्यावर फक्त घरपट्टीच्या पावत्यांची बेरीज केली: २०२४ मध्ये ९,८०० भरले.

५ एप्रिल, शनिवार

न्यू जर्सी. सगळ्यांत जास्त वेळ इथे लागला.

सॉफ्टवेअरने न्यू जर्सीचा पगार म्हणून २,८७,६०० हा आकडा दाखवला तेव्हा मी डब्ल्यू-२ ची चिठ्ठी समोर ठेवली. तिच्या तळाशी १५ पासून पुढच्या राज्याच्या चौकटी असतात. माझ्या चिठ्ठीवर तिथे दोन ओळी आहेत. वरच्या ओळीत एनवाय, १,१०,००० आणि कापलेला कर ६,२४०. खालच्या ओळीत एनजे, १,१७,६०० आणि कराच्या चौकटीत काहीच नाही. हे दोन वेगळे पगार नाहीत. एकच पगार दोन राज्यांच्या नजरेतून दोनदा लिहिलेला आहे, आणि सॉफ्टवेअरने त्यांची बेरीज करून वर नवऱ्याचे ६०,००० मिळवले होते. न्यू जर्सीच्या पगाराच्या ओळीवर १,१७,६०० अधिक ६०,००० एवढेच हवे. ही चूक राहिली असती तर न झालेल्या १,१०,००० च्या कमाईवर कर बसला असता.

मग दुसरा प्रश्न: एकाच पगाराचे दोन आकडे का? न्यूयॉर्क आपली मोजणी फेडरलच्या आकड्यापासून सुरू करते. न्यू जर्सी तसे करत नाही. तिचा ढोबळ उत्पन्न कर १९७६ चा आहे, आणि त्या कायद्याने उत्पन्नाचे स्वतःचे प्रकार आखले आहेत. त्यात जे वगळलेले नाही ते करपात्र. (या कराचा पैसा राज्यघटनेनुसार घरपट्टीचा भार हलका करण्यासाठीच्या निधीत जातो.) माझे ४०१(के) या निवृत्ती योजनेतले पैसे न्यू जर्सीही वगळते. परंतु आरोग्य बचत खात्यात गेलेले ४,००० आणि करपूर्व कापलेला आरोग्य विम्याचा ३,६०० चा हप्ता ती वगळत नाही. त्यांची बेरीज ७,६००, आणि दोन ओळींमधला फरकही तेवढाच. नवऱ्याच्या एका मित्राचे पैसे शाळेच्या ४०३(बी) निवृत्ती योजनेत जातात. न्यू जर्सी तेही वगळत नाही, आणि त्याला हे दरवर्षी नव्याने खटकते.

व्याजात ट्रेझरीचे ६०० गेले, उरलेले ३,००० आले. एनआरओ व्याजावर भारतात कर कापलेला असला तरी त्याचे क्रेडिट न्यू जर्सी देत नाही. तिचे क्रेडिट अमेरिकेतल्या इतर राज्यांना भरलेल्या करापुरते आहे, परदेशासाठी नाही. ८०० डॉलरवर सुमारे ५१ डॉलर असे दुहेरी गेले. रक्कम लहान आहे, पण ज्यांचे पुण्यामुंबईत घरभाडे येते त्यांनी हे आधीच धरून चालावे.

एकूण १,८०,६००. प्रमाणित वजावट न्यू जर्सीत नाहीच. आम्हा दोघांचे प्रत्येकी १,००० आणि मुलीचे १,५०० वजा केले, घरपट्टीचे ९,८०० वजा केले (मर्यादा १५,००० ची आहे, भाड्याने राहणाऱ्यांना भाड्याच्या १८ टक्के रक्कम घरपट्टी म्हणून धरता येते), आणि १,६७,३०० करपात्र उरले. त्यावर कर ६,६१५.

आता क्रेडिट, त्याचे शेड्यूल एनजे-सीओजे. दोन्ही राज्यांनी ज्यावर कर लावला ते उत्पन्न अंशात आणि न्यू जर्सीचे एकूण उत्पन्न छेदात घ्यायचे असते. अंशात १,१७,६०० घालावेसे वाटते, आणि घातले तर क्रेडिट सुमारे २८० डॉलरने वाढते. पण ते ७,६०० न्यूयॉर्कने करात धरलेलेच नाहीत, मग त्यांच्यावर दुहेरी कर झाला असे म्हणता येणार नाही. म्हणून १,१०,००० भागिले १,८०,६००, म्हणजे ६०.९१ टक्के. ६,६१५ चे तेवढे टक्के ४,०२९. न्यूयॉर्कला भरलेला कर आणि ही मर्यादा यांतले जे कमी ते क्रेडिट मिळते, म्हणून ५,४५३ भरूनही क्रेडिट ४,०२९ चेच. न्यूयॉर्क महाग असल्याचा फरक न्यू जर्सी भरून देत नाही.

‘न्यूयॉर्कला भरलेला कर’ या ओळीवर मी आधी डब्ल्यू-२ वरचे ६,२४० लिहिले होते. तिथे कापलेला कर नव्हे, तर आयटी-२०३ वर ठरलेला कर हवा. यंदा मर्यादाच ४,०२९ असल्यामुळे अंतिम आकडा बदलला नसता, परंतु शेड्यूल चुकीचे गेले असते.

घरपट्टीची वजावट न घेता तिच्याऐवजी मिळणारे ५० डॉलरचे क्रेडिट घेतले तर काय होते हेही करून पाहिले, कारण दुसऱ्या राज्याचे क्रेडिट घेताना वजावटीमुळे तेही क्रेडिट कमी होते. वजावटीसह निव्वळ कर २,५८६ आणि ५० डॉलरसह २,७८०. वजावट १९४ ने फायद्याची ठरली.

६ एप्रिल, रविवार, रामनवमी

२,५८६ मधून नवऱ्याच्या पगारातून कापलेले १,४८० वजा केले तर १,१०६ देणे दिसत होते. रात्री उशिरा आठवले की सल्लागाराच्या सांगण्यावरून गेल्या वर्षी आम्ही एनजे-१०४०-ईएस या आगाऊ कराच्या फॉर्मवर चार हप्त्यांत प्रत्येकी २५० भरले होते. ४०० डॉलरहून जास्त देणे निघेल असे दिसत असेल तर न्यू जर्सीला वर्षभरात असे हप्ते द्यावे लागतात. ते कोणत्याही डब्ल्यू-२ वर नसतात आणि सॉफ्टवेअरला आपोआप कळत नाहीत. बँकेच्या उताऱ्यात चारही नोंदी सापडल्या. देणे उरले १०६.

आरोग्य विम्याची माहिती भरली, कारण न्यू जर्सीत वर्षभर विमा असणे बंधनकारक आहे. मग दोन्ही विवरणपत्रे ‘फक्त राज्य’ म्हणून पाठवली, आधी न्यूयॉर्क आणि मग न्यू जर्सी.

भाच्यासाठी आणखी एक गोष्ट इथेच लिहिते. मुदत १५ एप्रिलची असते. फेडरलची मुदतवाढ घेतली आणि ८० टक्के कर भरलेला असला तर न्यू जर्सी तीच मुदतवाढ मानते. न्यूयॉर्क मानत नाही; तिथे आयटी-३७० हा मुदतवाढीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. आणि वाढते ती फॉर्म देण्याची मुदत, पैसे भरण्याची नाही.

८ एप्रिल, मंगळवार

दोन्ही राज्यांनी विवरणपत्रे स्वीकारली. दोन्ही पोचपावत्या फेडरलच्या पोचपावतीमागे लावल्या. न्यू जर्सीने पुढे न्यूयॉर्कच्या विवरणपत्राची प्रत मागितली तर द्यायला आयटी-२०३ ची पूर्ण प्रतही त्याच फाइलीत ठेवली.

१५ एप्रिल, मंगळवार

न्यू जर्सीच्या करखात्याच्या संकेतस्थळावरून बँक खात्यातून १०६ भरले. कार्डाने भरल्यास वर शुल्क पडते. त्याच बैठकीत २०२५ चा पहिला २५० चा हप्ताही भरला.

संध्याकाळी भाचा जेवायला आला होता. वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने ५ एप्रिलची नोंद दोनदा वाचली आणि विचारले, "मावशी, मी एकटा, घर भाड्याचं, आरोग्य बचत खातं नाही. माझ्या डब्ल्यू-२ वर पण दोन ओळी येतील?" मी म्हटले, "येतील किंवा एकच येईल, ते तुझ्या कंपनीवर आहे. पण दोन आल्या तर बेरीज करू नकोस." त्याने भाड्याच्या पावत्या जपून ठेवायला आजपासून सुरुवात करतो असे सांगितले.

३ मे, शनिवार

न्यूयॉर्कचे ७८७ बँकेत जमा झाले.

एक काम उरले होते तेही आज केले. नवऱ्याच्या पगारातून न्यू जर्सीसाठी जास्त कर कापला गेला तर हप्त्यांची आठवण ठेवावी लागणार नाही. कर साधारण यंदाइतकाच धरला तर १,१०६ मधून एप्रिलचे २५० गेल्यावर ८५६ उरतात, आणि वर्षअखेरपर्यंत त्याचे सोळा पगार आहेत. नव्या एनजे-डब्ल्यू४ वर (पगारातून किती कर कापायचा हे मालकाला सांगणारा फॉर्म) जादा कपातीच्या ओळीत ५४ लिहून त्याने सही केली. सोमवारी तो फॉर्म त्याच्या कार्यालयात जाईल.